हात न उचलता काढलेली चांदणी

३ मार्च

प्रिय रेघोटी,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटच्या पानाच्या तळाशी काढलेली चांदणी बघून घे. पाच टोकांची, हात न उचलता, एका दमात. तू तिसरीत असताना जिन्याच्या भिंतीवर कोळशाने शंभर काढल्या होत्यास, आणि मार मी खाल्ला होता, तशी.

ती मला माझ्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी काढायला सांगितली आहे. रोज एक चांदणी आणि सोबत तीन ओळी, स्वतःच्या मनाने लिहिलेल्या. पाठ असलेलं काही लिहायचं नाही ही त्यांची अट. म्हणाल्या, ‘‘तुम्हा संस्कृतवाल्यांचा मेंदू निम्मा बंद पडला तरी तुम्ही पाठांतर बिनचूक उतरवाल, मला पत्ताही लागणार नाही. जिला लिहिताना प्रत्येक शब्दाला विचार करावा लागेल अशा एखाद्या व्यक्तीला पत्र लिहा.’’ अशी व्यक्ती माझ्या आयुष्यात एकच आहे. ती जमिनी मोजून नकाशे काढते आणि तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही.

तेव्हा गैरसमज नको. मी नमतं घेतलेलं नाही. हे पत्र केवळ वैद्यकीय कारणास्तव आहे.

प्रकरण असं. गेल्या महिन्यात संस्कृत शब्दकोशाच्या कार्यालयात मी एक अख्खा खण शब्दांच्या चिठ्ठ्या लावून दिल्या. आमच्या प्रमुखबाईंनी उघडून पाहिलं तर शब्द वर्णक्रमाने नव्हते, कागद किती पिवळा पडलाय त्या क्रमाने होते. अगदी फिकट ते अगदी तपकिरी. त्या म्हणाल्या, ‘‘सर, फार सुंदर दिसतंय, पण आता घरी जा.’’ तुझी वहिनी मला थेट डॉक्टरांकडे घेऊन गेली. निदान असं निघालं की माझं यकृत चरबी साठून साठून आकसलंय, कडक झालंय. सिरॉसिस म्हणतात. दारूच्या थेंबालाही न शिवता मी दारुड्याचं यकृत कमावलं आहे. फुकटची बदनामी म्हणतात ती हीच.

आता मुख्य मुद्दा. आपल्या आतड्यात म्हणे इतके जिवाणू राहतात की त्यांच्या दृष्टीने आपण माणूस नसून गाव असतो. त्यांतले काहीजण आपल्या जेवणातून अमोनिया तयार करतात. धडधाकट यकृत तो नाक्यावरच अडवतं. माझ्या नाक्यावरचा शिपाई झोपलेला, त्यामुळे माल रक्तातून थेट मेंदूत. मग माणूस दिवसा पेंगतो, साधे शब्द सापडत नाहीत, राग मात्र लगेच सापडतो. जीभ जड होते, पाय अडखळतात. बघणाऱ्याला वाटतं, हा घेऊन आलाय.

आठवलं काही?

तुझ्या लेकीला नोकरी लागली म्हणून तू जेवायला बोलावलं होतंस. मी पाणी ग्लासात न ओतता ग्लासाशेजारी ओतलं. जेवायला आलेल्या तुझ्या ऑफिसच्या साहेबांना तीनदा त्यांचं वय विचारलं. चपला काढून फ्रीजमध्ये ठेवल्या, त्याही जोडीने, नीट. आणि मग तुला जे बोललो ते बोललो. तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘‘दादा, पिणं सुटेपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस.’’ खोकल्याचं औषधही नाक धरून पिणाऱ्या माणसाला!

तरी मी निर्दोष मुक्ततेचा अर्ज करतो आहे. त्या दुपारी जे बोललं गेलं त्याबद्दल माझ्या आतड्यातले समस्त रहिवासी तुझी क्षमा मागतात. त्यांचा प्रतिनिधी या नात्याने खाली सही करतो.

तुझा,
दादा

(चांदणी खाली आहे. डावं टोक जरा लांब झालंय, पण ते पहिल्यापासूनच होतं.)


११ मार्च

प्रिय रेघोटी,

उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच होतं. लहानपणी तू रुसलीस की आई म्हणायची, ‘‘तिला बोलावू नका, तिच्या जवळ बसून काहीतरी खात राहा.’’ या वयात आणि या पथ्यात ते जमण्यासारखं नाही, म्हणून लिहीत राहतो.

आज उपचारांविषयी. मला दिवसातून तीनदा एक गोड पाक घ्यावा लागतो. इतका गोड की चमचा टेबलाला चिकटतो. तो माझ्यासाठी नाहीच, रहिवाशांसाठी आहे. माणसाचं आतडं ती साखर पचवत नाही, जिवाणू खातात, खाऊन आंबट होतात, आणि त्या आंबटपणात अमोनिया अडकून पडतो. शिवाय सगळा ऐवज वेळच्या वेळी घराबाहेर पडतो. दिवसाला दोन ते तीन वेळा पडायलाच हवा असा हुकूम आहे. तुझी वहिनी कॅलेंडरवर ठिपके मांडते. ज्या घरात चाळीस वर्षं ‘आत कोण आहे’ एवढंही मोठ्याने विचारायची चोरी, तिथे आता ती जेवणाच्या टेबलावरून ओरडते, ‘‘अहो, आजचा दुसरा झाला का?’’ खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका परवा जिन्यात भेटले आणि सहानुभूतीने म्हणाले, ‘‘होईल, होईल.’’

कार्यालयात सध्या ‘म’ चालू आहे. मति, मद, मन आणि मल एकाच खणात आहेत. तीस वर्षं मी त्यांच्यावर काम केलं, पण ते एकमेकांना इतके जवळून ओळखतात हे मला पोटाच्या डॉक्टरांनी सांगावं लागलं.

आणि वाट एकतर्फी नाही म्हणे. डॉक्टरीणबाई कागदावर दोन बाण काढून दाखवतात, एक वर, एक खाली. खालच्यांनी गोंधळ घातला की वरचा बिघडतो, हे झालं. पण वरच्याने धसका घेतला तरी खालचं सगळं जागच्या जागी आखडतं, साचतं, आणि मग साचलेल्याचा गोंधळ पुन्हा वर जातो. ‘‘तुम्हाला एखादी गोष्ट फार दिवस डाचते आहे का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘कोशाचं काम संपत नाही ही.’’ त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, पण त्यांचं अक्षर सुलटंही वाचता येत नाही.

मग हात पुढे करायला सांगतात, वाहतूक पोलिसासारखे, तळवे समोर. बिघाड असेल तर हात पक्ष्याच्या पंखासारखे फडफडतात. माझे स्थिर होते. तुला कळवतो आहे एवढ्यासाठी की हे पत्र शुद्धीत लिहिलेलं आहे.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी तुला लिहिलेली पत्रं अजून ठेवली आहेस का गं? सहज विचारलं. ठेवली असलीस तर टाकून दे. उगाच कागदाला कसर लागते.

दादा


२० मार्च

प्रिय रेघोटी,

आज मी डॉक्टरीणबाईंकडे प्रमाणपत्र मागितलं आणि हात हलवत परत आलो.

मी त्यांना त्या जेवणाची गोष्ट सांगितली. ग्लास, साहेबांचं वय, फ्रीज, सगळं. हसल्या. म्हणाल्या, ‘‘हो, तेव्हापासूनच सुरू असणार. मधे सुटत असेल, मधे धरत असेल.’’ मी म्हटलं, मग असं लिहून द्या की अमुक दिवशी या गृहस्थांनी आपल्या धाकट्या बहिणीला जे वाक्य ऐकवलं ते त्यांचं नसून त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं होतं. खाली शिक्का मारा.

‘‘कुठलं वाक्य?’’

सांगावं लागलं. तुला ते पाठ असेलच, पण मी इतके दिवस टाळतोय म्हणून एकदा लिहितो. मी म्हणालो होतो, ‘आईच्या आजारपणात तू पाहुण्यासारखी आलीस आणि पाहुण्यासारखीच रडलीस.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, पण त्या क्षणी मला आपल्या शाळेतल्या हेडबाईंसमोर उभं असल्यासारखं वाटलं. म्हणाल्या, ‘‘हे बघा, जिवाणूंना मराठी येत नाही. ते वाक्य पुरवत नाहीत. दारावरचा पहारेकरी तेवढा हटवतात. आत कोण बसलं होतं ते तुम्हाला ठाऊक.’’

मी म्हटलं, फी किती झाली.

घरी येताना बसमध्ये मी त्यांच्याशी मनातल्या मनात तीनदा वाद घातला आणि तिन्ही वेळा हरलो. तुला सांगायचं कारण नाही, पण सांगितलं.

असो. पंचविसाला कोशाच्या सल्लागार मंडळाची सभा आहे. बाहेरगावचे सहा विद्वान, लांब टेबल, सहा तास, आणि ‘म’च्या चारशे नोंदींचं समर्थन मी एकट्याने करायचं. वरचा धसका आत्ताच खाली पोचला आहे. प्रमुखबाईंनी मला घरी पाठवलं त्यानंतरची पहिलीच सभा, त्यामुळे सगळे शब्दांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघणार. आणि त्या सभागृहाला शौचालय आहे ते लांबलचक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. सहा विद्वानांसमोरून दर तासाला उठून जाणाऱ्या माणसाच्या व्युत्पत्त्यांवर कोण विश्वास ठेवील? तेव्हा दोन दिवस पाक जरा सांभाळून घेईन म्हणतो. तुझ्या वहिनीला बोलू नकोस. अर्थात तू तिच्याशी तरी कुठे बोलतेस. ती परवापासून आठवडाभर तिच्या भावाकडे जाते आहे, म्हणजे ठिपक्यांनाही सुट्टी.

चांदणी आज चांगली आली आहे. दाद दे किंवा देऊ नकोस.

दादा


२५ मार्च २५

रेघोटी,

सभा छान झाली. सभा उद्या आहे. ते सहाजण आले होते त्यांनी पाणी ओतलं.

आई बरी आहे. तू काळजी करू नकोस. तू मोजणी पुरी करून ये. डॉक्टर म्हणाले चार महिने, ते तुला कळवायचं नाही असं ठरलंय. मी ठरवलंय. आई विचारते रेघोटी कधी येणार मी म्हणतो कामात आहे. आई बरी आहे. ती झोपली की मी लिहितो. आई बरी आहे.

चिठ्ठ्या सगळ्या लावून झाल्या.

चांदणी काढली आहे आज एकदम सहज जमली

दादा दादा


५ एप्रिल

प्रिय रेघोटी,

काल दवाखान्यातून घरी आलो. आज सकाळी हात पुढे करून पाहिले, स्थिर आहेत. पाक घेतला आहे, ठिपका पडला आहे. आजची तारीख मी कॅलेंडर न बघता लिहिली आहे. एवढी प्रस्तावना पुरे. हे पत्र शुद्धीतलं आहे आणि यातलं काहीही मला परत घेता येणार नाही, हे दोघांनाही माहीत असावं म्हणून लिहिलं.

जे झालं ते मला तुझ्या वहिनीच्या तोंडून कळलं, कारण मी त्या वेळी घरात असूनही घरी नव्हतो.

सभेच्या आधीचे दोन दिवस मी पाक घेतलाच नाही. सांभाळून वगैरे काही नाही, बाटली कपाटात ठेवून दिली. धसक्याने पोट आधीच आखडलेलं. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही बाण एकदम चालू झाले. सभेत मी म्हणे पहिला तासभर उत्तम बोललो आणि मग एका विद्वानांना विचारलं, ‘‘आपलं वय काय?’’ प्रमुखबाईंनी गाडीने घरी पोचवलं. ‘घरी कोण आहे’ विचारल्यावर मी सांगितलं, आई आहे. त्या बिचाऱ्या निश्चिंत होऊन गेल्या. त्याच संध्याकाळी मी तुला पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. माणसाला स्वतःचं नाव आठवेनासं होतं, पण टपालाची सवय सुटत नाही. वहिनीने दोनदा फोन केला, मी दोन्ही वेळा ‘हो, हो’ म्हणालो. बायकोशी बोलताना एरवीही मी तेवढंच म्हणतो, त्यामुळे तिला संशय आला नाही.

सत्तावीसला सकाळी पत्र तुझ्या हातात पडलं. तू वाचण्याआधी चांदणी पाहिलीस. तसं तूच वहिनीला सांगितलंस. तीन आठवडे तू माझी प्रत्येक चांदणी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेत होतीस आणि आधीच्यांवर ठेवून बघत होतीस. एक ओळ उत्तर नाही, पण माझ्या टोकांची मोजणी चालू! ही शेवटची कशावर ठेवूनही बसेना. सात रेघा होत्या म्हणे, आणि एकही दुसरीला भेटत नव्हती.

तू मला फोन केलास. मी म्हटलं, ‘‘आई झोपली आहे, नंतर करा.’’

मग तू साइटची गाडी काढून, चिखलाच्या बुटांसकट, चार तासांवरून आलीस. दार मी उघडलं. तुला ‘मोजणीवाल्या बाई’ म्हटलं, बसा म्हटलं आणि चहा करायला कपाटात शिरलो. तू माझे हात धरून पुढे करायला लावलेस. ते फडफडले.

अपघात विभागात काय झालं ते वहिनीला तिथल्या नर्सने सांगितलं, आणि वहिनीने मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा सांगायला लावलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुला विचारलं, ‘‘किती घेतलीय? रोज घेतात का?’’ आणि तू तिथे, त्या टेबलावर, बोटाने टकटक करत म्हणालीस, ‘‘माझा भाऊ पीत नाही. आयुष्यात प्यायलेला नाही. त्याचं पोट तुंबलंय आणि ते डोक्यात गेलंय. ही तीन तारखेची चांदणी, ही अकराची, ही वीसची, आणि ही परवाची. आता बोलत बसू नका, अमोनिया बघा.’’

रेघोटी, मी मार्चमध्ये निर्दोष मुक्ततेचा अर्ज केला होता. निकाल इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या लोकांसमोर लागेल असं वाटलं नव्हतं. आणि तो लागताना आरोपी शेजारच्या खाटेवर उशीच्या खोळीत पाय घालत होता.

तू दोन दिवस माझ्याजवळ बसलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सला विचारलं, आज एकोणतीस ना? तेवढं ऐकलंस आणि पिशवी उचललीस. वहिनी म्हणाली, ‘‘अगं थांब, आता तर ओळखेल तुला.’’ तू म्हणालीस, ‘‘म्हणूनच जाते. बेशुद्धीतला दादा दोनदा ऐकला. आता शुद्धीतला काय म्हणतो ते बघायचंय, आणि ते त्याला माझ्या तोंडाकडे न बघता म्हणू दे.’’ आणि पंचवीस तारखेचं ते पत्र तिच्या हातात देऊन गेलीस. ते आत्ता माझ्यासमोर आहे. त्यात एका वाक्याखाली तू तुझ्या नकाशाच्या लाल पेन्सिलीने रेघ मारली आहेस. पट्टी लावून.

‘डॉक्टर म्हणाले चार महिने, ते तुला कळवायचं नाही असं ठरलंय. मी ठरवलंय.’

हे मी लिहिलं आहे याची मला आठवण नाही. पण ते खरं आहे. ते वाक्य मी आता माझ्या हाताने, डोकं ठिकाणावर असताना, पुन्हा लिहितो.

आईच्या डॉक्टरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात मला बाहेर बोलावून सांगितलं की चार महिने. तू तेव्हा त्या खोऱ्याच्या मोजणीवर होतीस. मी तुला एकामागून एक पत्रं लिहिली, आणि प्रत्येकात लिहिलं, आई बरी आहे, तू काम पुरं करून ये. आई रोज विचारायची. मी सांगायचो, कामात आहे. ती म्हणायची, ‘‘असू दे, पोरगी मोठं काम करतेय.’’ एकदा ती म्हणाली, ‘‘तू तिला नीट कळवलंयस ना रे?’’ मी म्हटलं, हो.

का, ते लिहायला मला सकाळपासून दोनदा उठून खिडकीशी जावं लागलं आहे. आयुष्यभर तू तिची लाडकी होतीस आणि मी तिचा शहाणा. शहाण्याला शाबासकी मिळते, मांडी मिळत नाही. शेवटचे चार महिने तरी ती माझी एकट्याची असावी असं मला वाटलं. मी तिचे केस विंचरले, तिला वाचून दाखवलं, आणि तू नव्हतीस. मला बरं वाटत होतं. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने केलेली ही गोष्ट पाच वर्षांच्या पोराला शोभणारी होती.

मग तुला मी शेवटच्या आठवड्यात बोलावलं. तू पाहुण्यासारखी आलीस, कारण मी तुला पाहुण्यासारखं बोलावलं होतं. पुढे तू आईसाठी रडायला लागलीस की मला भीती वाटायची की एक दिवस विचारशील. म्हणून तुझ्यावरच ते वाक्य रचलं आणि वर्षानुवर्षं आत बसवून ठेवलं, घासूनपुसून. त्या दुपारी पहारेकरी हटला आणि ते बाहेर आलं. जिवाणूंनी दार उघडलं हे खरं. पण तेच दार त्यांनी पंचविसाला पुन्हा उघडलं आणि आतून खरं वाक्य बाहेर सोडलं. जे सांगायचं धैर्य मला शुद्धीत झालं नाही ते त्यांनी माझ्याकडून बेशुद्धीत सांगून घेतलं. मी तीन तारखेला त्यांच्या वतीने तुझी क्षमा मागितली होती. ती परत घेतो. त्यांना माझ्यामुळे नसती बदनामी सोसावी लागली.

क्षमा मी मागतो आहे. मुक्ततेचा अर्ज मागे घेतला आहे.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी रोजच्या तीनच ओळी सांगितल्या होत्या, आणि त्या वहीत लिहायच्या होत्या. पोस्टात टाकायला कुणीही सांगितलं नव्हतं. वैद्यकीय कारण वगैरे सगळं थोतांड. मला तुला लिहायचं होतं.

चांदणी खाली आहे. ती तपासताना कठोर राहा.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

प्रिय रेघोटी,

तुझं पाकीट आज आलं. ट्रेसिंग पेपरवर माझी पाच तारखेची चांदणी, तिच्यावर तुझी, आणि खाली तुझं ते छापल्यासारखं अक्षर: ‘डावं टोक अजून लांब आहे. वाक्य सरळ आहे. राग गेलेला नाही, तो घेऊन शनिवारी येते. त्या पत्रांतलं एकही टाकलेलं नाही, तीही आणते. आईचे ते चार महिने मला रोजच्या रोज सांगायचे, काही गाळायचं नाही.’

वहिनीने ते वाचलं आणि फ्रीजवर लावलं, ठिपक्यांच्या शेजारी. मी तिला विचारलं, एवढं सगळं सांगायला एक शनिवार पुरेल का? ती म्हणाली, ‘‘अहो, शनिवार दर आठवड्याला येतो.’’

आज नियमाप्रमाणे तीनच ओळी.

पाक तिन्ही वेळा घेतला आहे, आणि शनिवारीही घेईन, तुझ्यासमोर कितीही वेळा उठून जावं लागलं तरी.

राग घेऊन ये, माझ्या खोलीत चिठ्ठ्यांचा एक खण त्याच्यासाठी रिकामा केला आहे.

मी बसथांब्यावर उभा असेन, तू उतरताच हात पुढे करून दाखवीन. ते थरथरले तर सगळा दोष यकृताला देऊ नकोस.

दादा